रणझुंजारचे अकरा

प्रतिमैदानाच्या प्रयोगशाळेत सकाळपासून फोन खणखणत होता आणि प्रत्येक जण एकच विचारत होता : अकरा ठरले का? शेवटी मृणाल सरनोबतने फोनची वायर काढून टाकली.

"बरं केलंस," पलीकडच्या टेबलावरून डॉ. प्रभुदेसाई म्हणाले. "पण माणसं आता जिना चढून येतील."

आणि खरंच आली. निदान एक तरी आलं.

कोल्हापुरातल्या या प्रयोगशाळेत गेली सोळा-सतरा वर्षं संगणकातल्या प्रतिमैदानावर एक फुटबॉल स्पर्धा अखंड चालू होती. तिचे खेळाडू माणसं नव्हते. प्रत्येक खेळाडू म्हणजे संगणकात वाढलेलं, मेंदूसारखं शिकणारं एक स्वतंत्र चेताजाल होतं. त्याला वजन होतं, दम लागत होता, गुडघा दुखावत होता, वय होत होतं. आपल्या एका महिन्यात त्यांचा एक हंगाम उरकायचा. संध्याकाळी त्यांचे सामने गावच्या मैदानावर प्रकाशप्रतिमांच्या रूपात उतरायचे, आणि खऱ्या गवतावर धावणाऱ्या त्या उजेडाच्या पोरापोरींसाठी हजारो माणसं घसा फोडून ओरडायची. सुरुवातीला लोकांनी या प्रकाराची थट्टा केली होती. पण कोल्हापूरकराला चेंडू दिसला की झालं; तो कशाचा आहे हे तो फार वेळ विचारत नाही. गावातल्या तालमींनी हे संघ वाटून घेतले, खेळाडूंची बारशी केली, आणि बघता बघता रणझुंजार तालीम आणि नवरंग तालीम यांच्या सामन्याला पोलीस बंदोबस्त लागू लागला.

या सृष्टीचा नियम एकच होता. कोणत्याही खेळाडूला खेळ शिकवायचा नाही. नवं चेताजाल जन्माला आलं की ते मैदानावरच्या इतरांना बघून आणि त्यांच्याशी झुंजूनच जे शिकेल ते शिकेल. थकलेला खेळाडू निवृत्त झाला की त्याचं ऐन भरातल्या दिवसांतलं चेताजाल शीतसाठ्यात ठेवून दिलं जाई.

आता दोनशेवा हंगाम आला होता. सर्वांत जास्त चषक रणझुंजारचे, म्हणून मान त्यांचा. त्यांच्या इतिहासातल्या सर्वोत्तम अकरा खेळाडूंना शीतसाठ्यातून जागं करून नवरंगच्या आजच्या संघाशी खेळवायचं ठरलं होतं. जुनी चेताजालं जागी करणारे यंत्रसंच प्रयोगशाळेत अकराच होते, एका संचावर एक खेळाडू. बारावा नव्हता. त्यामुळे अकरा म्हणजे अकराच.

जिना चढून आले ते रणझुंजार तालमीचे अध्यक्ष यासीनभाई अत्तार. गगनबावडा रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. तरुणपणी ते खऱ्या मैदानावर गोलकीपर होते, त्याची खूण म्हणून उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली होती.

"मॅडम, काल तालमीत डोकी फुटायची ऱ्हायली," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "सर्जेराव आणि चंद्रा पवार, ह्या दोघांवर वाद न्हाई. पण बाकीच्या नवांसाठी सख्खे भाऊ बोलायचे बंद झाल्यात. तुम्ही काय ते शास्त्रानं सांगा. आमी ऐकतो."

"गोल मोजून हे ठरणार नाही, यासीनभाई. तुम्ही स्वतः गोलकीपर. तुम्ही किती गोल मारलेत?"

यासीनभाई हसले. "मग मोजणार कसं?"

"वजाबाकी करून."

प्रभुदेसाईंनी चष्मा वर केला. या कल्पनेवर ते दोघं महिनाभर भांडत होते.

"अमुक माणूस जन्मलाच नसता तर काय झालं असतं, यावर आपण कट्ट्यावर बसून नुसते वाद घालतो," मृणाल म्हणाली. "करून बघता येत नाही. पण या स्पर्धेचा पहिल्या क्षणापासूनचा इतिहास आमच्याकडे आहे. तीच सुरुवात द्यायची, फक्त एक खेळाडू काढून घ्यायचा, त्याच्या जागी एखादा बेताचा ठेवायचा आणि दोनशे हंगाम पुन्हा धावू द्यायचे. शेवटी जो रणझुंजार संघ हाती येईल, तो आपल्या खऱ्या संघाशी ताडून बघायचा. जेवढा तो उणा, तेवढा तो खेळाडू थोर."

"एकदाच धावलं तर तो योगायोग," प्रभुदेसाई म्हणाले. "एका चेंडूची उसळी बदलली तरी पुढचं सगळं बदलतं."

"म्हणून प्रत्येकासाठी शेकडो वेळा धावू द्यायचं. योगायोग एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ते त्या खेळाडूचं."

यासीनभाईंनी वाकड्या बोटांनी हनुवटी खाजवली. "म्हंजे सर्जा नसता तर आमचं काय झालं असतं, ते डोळ्यांनी दिसणार?"

"दिसणार."

"मग करा."

ते गेल्यावर प्रभुदेसाईंनी एकच सूचना केली. "विरुद्ध संघांचे खेळाडूही चाचणीत घाल. ती आपली कसोटी. नवरंगचा चांगला खेळाडू वजा केला तर रणझुंजार सुधारलाच पाहिजे. तसं आलं तर तुझी पद्धत खरी."

चाचणी आठवडाभर चालली. त्या दिवसांत मृणाल कॉफी घेऊन पडद्यासमोर बसायची आणि जुने सामने बघायची. शाळेत असताना ती वडिलांच्या खांद्याला धरून मैदानावर उभी राहायची ती चंद्रा पवारसाठी. चंद्रा मधल्या फळीत खेळायची. तिच्याकडे वेग नव्हता, ताकद नव्हती. पण ती चेंडू अशा जागी टाकायची जिथे कोणीच नसायचं, आणि चेंडू पोचेपर्यंत तिथे सर्जेराव असायचा. ती जागा तिला आधी कशी दिसते, या एका प्रश्नापायी मृणाल गणिताकडे वळली होती.

आणि सर्जेराव! अख्ख्या गावाचा सर्जा. त्याची एक लकब होती, तिला लोक 'सर्जाचा श्वास' म्हणत. पूर्ण वेगात धावताना तो अचानक चेंडूवर पाय ठेवून उभा राहायचा. क्षणभर काहीच नाही. समोरचा बचावपटू तोल सावरत एक पाऊल टाकायचा, आणि ते पाऊल पडायच्या आत सर्जा दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असायचा. त्याला बघून पुढच्यांनी तो श्वास उचलला, त्यांना बघून त्यांच्या पुढच्यांनी. आज रणझुंजारचं कालपरवाचं पोरही तसं थांबायचं. मैदानावर कुठल्याही रंगाचा शर्ट घाला, त्या थांबण्यावरून माणूस सांगायचा, हा रणझुंजारचा.

आठव्या दिवशी सकाळी निकाल आला. अनेक विरोधकांच्या नावांपुढे अपेक्षेप्रमाणे उणे आकडे होते. त्यांना काढलं की रणझुंजार सुधारत होता. रणझुंजारच्या खेळाडूंत सगळ्यांत वर चंद्रा होती, सर्जेराव होता, गोलकीपर हंबीर होता. पण त्या सगळ्यांच्या वर, बरंच वर, एक नाव होतं.

कोंडिबा डांगे. नवरंग तालीम.

"चूक आहे," प्रभुदेसाई म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. पुन्हा चालवून बघितलं."

"मग?"

"तेच."

कोंडिबा डांगे! सर्जेरावला अख्खी कारकीर्द ज्याने जखडून ठेवलं तो नवरंगचा बचावपटू. रणझुंजारच्या तालमीत गणपतीच्या देखाव्यात राक्षसाला त्याचा चेहरा दिला होता. मुलं जेवली नाहीत तर आया त्याचं नाव घ्यायच्या.

मृणालने कोंडिबा नसलेला एक इतिहास पडद्यावर लावला आणि दोघं बघत बसले.

त्या इतिहासातही सर्जेराव होता. तोच वेग, तीच छाती. त्याला अडवणारं कोणी नव्हतं, म्हणून तो चेंडू घ्यायचा, सरळ धावायचा आणि गोल मारायचा. खऱ्या सर्जेरावच्या दुपटीने गोल मारले त्याने. पण तो एकदाही थांबला नाही. त्याला थांबायची गरजच पडली नाही. चंद्राला मोकळी जागा शोधावी लागली नाही, कारण सगळीच जागा मोकळी होती. ती साधेसुधे पास देत राहिली आणि लवकर निवृत्त झाली. त्यांना बघून शिकलेली पोरं नुसती धावणारी निघाली. दोन पिढ्यांत इतर संघांनी त्या धावण्यावर तोड काढली. रणझुंजार हरू लागला, मागे पडला आणि दीडशेव्या हंगामाच्या आतच स्पर्धेतून बाहेर गेला. दुसरा इतिहास लावला. तिसरा लावला. तपशील बदलत होते, शेवट नाही.

"आपण पद्धत तपासायला निघालो होतो," प्रभुदेसाई म्हणाले. "यासीनभाईंना हे तूच सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही."

तिने त्यांना बोलावलं आणि काही न सांगता आधी पडदाच दाखवला. यासीनभाई पुढे सरकून बघत होते. पहिल्या चार-पाच गोलांना त्यांनी मांडीवर थाप मारली. मग थाप थांबली.

"हा कोण खेळालाय?" त्यांनी विचारलं.

"सर्जेराव."

"ह्यो आमचा सर्जा न्हाई."

"तोच आहे. फक्त याच्या जगात कोंडिबा जन्मला नाही."

मग तिने निकालातली नावं दाखवली. यासीनभाई उभे राहिले, खिडकीशी गेले, परत आले. "म्हंजे मी तालमीत जाऊन सांगू? की रणझुंजारचा सगळ्यांत मोठा खेळाडू नवरंगचा हाय?"

"सांगायलाच हवं असं नाही. त्याला सोडून खालचे अकरा घेता येतील. संघ उत्तमच होईल."

"तुमचं शास्त्र काय म्हणतंय?"

"शास्त्र जे म्हणतंय ते तुम्ही आत्ता बघितलंत."

ते जिन्यापर्यंत गेले आणि वळले. "मी बी गोलकीपर हुतो, मॅडम. समोर एक जण हुता, दर वर्षी मला गोल मारायचा. त्याच्यापायी मी पहाटे उठून उड्या मारायला शिकलो. लई शिव्या दिल्यात त्याला." एवढं बोलून ते उतरून गेले.

त्यानंतर ते थेट प्रभुदेसाईंशीच बोलले. संच लावायचं काम प्रभुदेसाईंकडे होतं. मृणालने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तू मैदानावर जा. यासीनभाईंनी तुझ्यासाठी पहिल्या रांगेत जागा ठेवलीय."

सामन्याच्या दिवशी मैदान दुपारीच भरलं. पाच वाजता यासीनभाई माईकपाशी आले. मैदानाच्या एका बाजूला नवरंगचे आजचे दहा खेळाडू आधीच उभे होते, निळ्या शर्टात. दहाच का, याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे डोळे दुसऱ्या बाजूला लागले होते.

"गोलकीपर हंबीर!" यासीनभाईंनी पुकारा केला आणि भगव्या शर्टातली उंच आकृती गवतावर उमटली. मैदान दणाणलं. एकेक नाव येत गेलं. चंद्रा पवार आली तेव्हा मृणालला आपण उभ्या राहिलोय हेही कळलं नाही. सर्जेराव आला तेव्हा म्हातारी माणसं रडली.

दहा झाले. लोक थांबले.

"अकरावा," यासीनभाई म्हणाले, "कोंडिबा डांगे."

समोरच्या बाजूला, निळ्या शर्टात, एक रुंद, किंचित वाकलेली आकृती उभी राहिली.

 मग शिट्ट्या, आरडाओरडा, चपला. उजेडाला चपला लागत नाहीत. त्या त्याच्या छातीतून आरपार गेल्या.

"गप बसा!" यासीनभाई गरजले. "मॅडमनी मला एक सर्जा दाखवला. ह्यो कोंडिबा नसलेला सर्जा. देवाशपथ, तुमी त्याच्यासाठी इथं आलाच नसता. ह्या माणसानं आमचा सर्जा घडवला, आमची तालीम घडवली. मग त्याचा मान कुठला? भगवा घालून आपल्या बाजूनं खेळवला तर तो कोंडिबाच ऱ्हाणार न्हाई. तो त्याच्या जागेवरच उभा ऱ्हाणार, सर्जाच्या समोर. आमचे अकराच्या अकरा आज मैदानात हैत. धा जण इकडनं खेळतील, एक तिकडनं."

भगव्या बाजूचे अकरा भरायला प्रयोगशाळेने रणझुंजारच्या आजच्या संघातला एखादा खेळाडू देऊ केला होता, हे मृणालला नंतर कळलं. यासीनभाई नको म्हणाले होते. जागा रिकामी नाही, असं त्यांचं म्हणणं.

सामना सुरू झाला. दहांविरुद्ध अकरा, त्यात नवरंगची ताज्या दमाची पोरं. मध्यंतराआधीच रणझुंजारवर दोन गोल चढले. सर्जेरावने तीनदा कोंडिबाला गाठलं, तीनदा चेंडूवर पाय ठेवून थांबला. कोंडिबाही थांबला. तो पाऊल टाकत नव्हता. तो एकटाच असा होता ज्याला तो श्वास ठाऊक होता, कारण तो श्वास त्याच्याचसाठी जन्मला होता. दोघं समोरासमोर निश्चल उभे राहायचे, आणि हळूहळू मैदानातल्या शिट्ट्या बंद पडल्या. चपला टाकणारेही श्वास रोखून बघू लागले.

शेवटची काही मिनिटं उरली होती. सर्जेराव चौथ्यांदा आला, थांबला. कोंडिबा थांबला. आणि मग सर्जेरावने जे केलं ते त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत नव्हतं. त्याने चेंडूवरचा पाय उचलला, चेंडू तिथेच सोडला आणि नुसता धावत सुटला. कोंडिबा जन्मभर सर्जेरावच्या मागे धावत आलेला. तो त्याच्याबरोबर ओढला गेला. गवतावर चेंडू एकटा पडून होता. तिथे कोणी नव्हतं. मग तिथे चंद्रा होती.

गोल झाला तेव्हा नवरंगचे लोकही उठून उभे होते.

सामना रणझुंजार दोन-एकने हरला. पण कोणी घरी जाईना. यासीनभाई कठड्यावर हात टेकून मृणालजवळ आले. त्यांचा चेहरा ओला होता.

"हा डाव जुन्या सामन्यांत कुठं हुता काय, मॅडम?"

"कुठेच नव्हता. आत्ता जन्मला. त्यांना जागं केलं म्हणजे ते पुन्हा शिकायला लागले, एकमेकांकडून."

"म्हंजे तुमची ती वजाबाकी?"

"पुन्हा करावी लागेल," ती म्हणाली. "आज लागलेला निकाल उद्या जुना होईल."

तिच्या हातातला फोन वाजला. पलीकडे प्रभुदेसाई होते. "संच तापलेत. सगळ्यांना शीतसाठ्यात परत पाठवू का?"

मृणालने मैदानाकडे बघितलं. खेळाडू पांगले होते. कोंडिबा मात्र गेला नव्हता. जिथे चेंडू एकटा पडला होता त्या जागी तो परत आला होता. तो सर्जेरावच्या वाटेने दोन पावलं धावला, थबकला, मागे वळून त्या रिकाम्या गवताकडे बघितलं, आणि पुन्हा सुरुवातीच्या जागी येऊन उभा राहिला.

"इतक्यात नको, सर," ती म्हणाली. "तो अजून शिकतोय."