हँग झालेला हंगाम

“ओ मॅडम, ट्रॅक्टर काट्यावर चढून इंजिन गार झालं की! वजन करताय, का हितंच बिऱ्हाड करू?”

मी मान वर केली नाही. “मशीन हँग झालंय.”

“हँग म्हंजी?”

“अडकलंय.”

“कशात?”

आता मात्र मला हसू आलं. वर पाहिलं, तर खिडकीच्या गजांपलीकडे एक उंच तरुण उभा. अंगात लष्करी हिरवा स्वेटर, केसांत उसाचं पाचट... आणि डोळ्यांत राग नाही. तेवढी रांग धरून आलेला, तरी राग नसलेला माणूस त्या आठवड्यात मी पहिल्यांदाच पाहत होते.

“तेच तर कळत नाही ना,” मी म्हणाले.

“मग सावकाश होऊ द्या. आमी सुट्टीवरच आलोय,” तो म्हणाला आणि गजाला टेकून उसाचं कांडं सोलू लागला.

कडेगावजवळच्या साखर कारखान्याच्या काटाघरात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. मूळची सांगलीची, वडील हळदीचे अडते. डिप्लोमा झाल्यावर घरच्यांचा विरोध मोडून ही नोकरी धरली होती. शहाण्णव सालच्या हंगामाच्या ऐन मध्यावर आमच्या ऑफिस मॅनेजर आप्पासोंनी कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणवली. जुना काळा पडदा गेला आणि रंगीत खिडक्या, माऊस, टिणटिण वाजणारं संगीत आलं. आप्पासोंनी नारळ फोडला, मॉनिटरला हार घातला. खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त हरखले होते मीच.

कौतुक चार दिवसही टिकलं नाही. वजन घ्यायला जावं, तर पडद्यावर वाळूचं घड्याळ नुसतं फिरत राहायचं. प्रिंटर पावतीवर चिनीसारखी अक्षरं ओकायचा. कधी अख्खा पडदा निळा व्हायचा आणि त्यावर न कळणारं इंग्रजी उमटायचं. पुण्याच्या इंजिनिअरला फोन करावा, तर त्याचं एकच उत्तर – “बंद करून चालू करा.” मी बंद करायचे, चालू करायचे. तोवर गाड्यांची रांग फाट्यापर्यंत जायची. तोडलेला ऊस उन्हात वाळला की वजन घटतं. लोक चिडायचे ते उगाच नव्हे. पण हातानं पावती लिहायची सोय नव्हती. मागे कधीतरी हातपावत्यांत गडबड झाली होती, तेव्हापासून “पावती कॉम्प्युटरमधनंच” असा आप्पासोंचा सक्त हुकूम होता.

तो हिरव्या स्वेटरवाला मग एक दिवसाआड येऊ लागला. नाव वीरधवल. सैन्यात वायरलेसवर होता. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आजारी, म्हणून घरचा ऊस स्वतःच आणत होता.

“आज आभाळ निळं हाय का?” खिडकीशी येऊन तो विचारायचा.

“सकाळपासून दोनदा झालंय.”

“तरीच तुमच्या कपाळावर ढग हायेत.” आणि गजांतून सोललेली गंडेरी आत यायची. “घ्या. रुचाबाई, नाव पावतीवर वाचलं. रुचा म्हंजी चवीचं काय तरी का?”

“ऋचा. ऋषीतला ऋ.”

“ऋ...” त्यानं जीभ वळवून पाहिली. “अवघड हाय. रोज म्हणून बघाय लागंल.”

मी पडद्याकडे बघितलं. पडदा तेव्हा अगदी नीट चालू होता, तरी मला त्यावरचं एक अक्षर दिसेना.

मला त्याचं नवल वाटायचं. मशीन अडकलं की मी आत रडकुंडीला यायचे. तो बाहेर गाडीवानांना सीमेवरच्या बर्फाच्या गोष्टी सांगत बसायचा. “तिकडं आमचा वायरलेस असाच रुसतो गड्या. शिव्या घातल्या तर आजून रुसतो!” रांग हसायची, आणि तेवढ्या वेळात मी मशीन पुन्हा उभं करायचे. माझ्या खिडकीवर आदळणारा राग तो मधल्या मध्ये झेलतोय, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग तो वाईट दिवस उजाडला. सकाळपासून मशीन तीनदा बसलं होतं. दुपारी साळूबाईंची बैलगाडी काट्यावर आली. नवरा गेल्यावर शेती एकटीनं रेटणारी बाई. पडद्यावर वजन आलं, प्रिंटर कुरकुरला, पावती बाहेर पडली. ती बघून साळूबाई मटकन खालीच बसल्या.

“आवं बाई... भरली गाडी हाय माझी! रिकाम्या गाडीएवढंच वजन कसं वं?”

मी काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्याकडे पाहिलं. त्यावरचे लाल आकडे बरोबर होते. कॉम्प्युटरमध्ये मात्र आधीच्या रिकाम्या गाडीचंच वजन अडकून बसलं होतं. हँग झालेलं निदान दिसतं तरी. हे तर राजरोस खोटं बोलत होतं!

बाहेर गलका उठला. कुणीतरी खिडकीवर काठी आपटली. आप्पासो धावत आले.

“नवी सिस्टीम चुकत नसते,” ते माझ्यावरच ओरडले. “तुम्हाला वापरता येत नाही, ते सांगा!”

“सर, डब्यावरचं वजन बघा आणि पावतीवरचं बघा. मी ही पावती देणार नाही.”

“मग उद्यापासून येऊ नका!”

मी उठले, कॉम्प्युटरचं बटण बंद केलं आणि दार उघडून ओट्यावर आले. इतक्या माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते.

“मशीन चुकीचं वजन देतंय,” मी मोठ्यानं म्हणाले. “काटा बरोबर आहे. मी हातानं पावत्या लिहिते. पण लाल आकडे सगळ्यांना ऐकू जातील असे कुणीतरी वाचायचे. कुणाला शंका आली, तर आत येऊन बघायचं.”

रांगेतून वीरधवल पुढे आला.

“मी वाचतो,” तो म्हणाला. “आवाज आमचा लांब जातो.”

आणि खरंच, कसा खणखणीत वाचला त्यानं एकेक आकडा! साळूबाईंचं वजन त्यानं दोनदा म्हटलं आणि रांगेनं टाळ्या वाजवल्या. तो वाचायचा, मी लिहायचे. गाड्या पुढे सरकत होत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज, मळीचा गोडसर वास, आणि मधेच आमची नजरानजर... तो आकडा विसरायचा.

“पुढं?” मी विचारायचे.

“वाचतो की... थांबा जरा. हँग झालो.”

उन्हं कलेपर्यंत अंगण रिकामं झालं. आप्पासो सगळा वेळ ओट्याच्या कोपऱ्यात उभे होते. ते हात मागे बांधून काटाघरात आले.

“जुनी सिस्टीम परत घालता येईल का, बाई?”

“फ्लॉप्या जपून ठेवल्यात मी.”

“मग घाला. नवीचं हंगाम संपल्यावर बघू.” दारातून ते वळले. “आणि उद्या वेळेवर या.”

एकामागून एक फ्लॉप्या घातल्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, तेव्हा बाहेर ट्रॅक्टर सुरू करत वीरधवल ओरडला, “लय भारी, ऋचाबाई!”

ऋ अगदी स्वच्छ आला होता.

त्यानंतर काटा सुरळीत चालला. इतका, की वीरधवलला खिडकीशी थांबायला निमित्तच उरेना. पावती मिळायची, मागचा गाडीवान हाक द्यायचा आणि तो मागे बघत बघत निघून जायचा. ज्या मशीननं जीव नकोसा केला होता, त्याच्या अडकण्याची मला चक्क आठवण यायला लागली. शेवटी एकदा पावती घेता घेता तो हळूच म्हणाला, “पुढच्या आठवड्यात सुट्टी संपतीया. रविवारी तुमची सांगली दावाल का?”

रविवारी मी त्याला कृष्णेच्या घाटावर नेलं. पलीकडे सांगलवाडीला जाणाऱ्या नावेत आम्ही दोघंच होतो. नावाडी बिराप्पा मला लहानपणापासून ओळखणारा. तो पाठ करून नाव ढकलत होता. पाणी संथ होतं. हजार माणसांपुढे आकडे वाचणारा हा गडी आता घसा खाकरत बसला होता.

“त्या दिवशी तुमी बटण बंद केलंत ना...” तो म्हणाला, “तवाच मी मनात म्हटलं, धाडस म्हंजी हे. बंदूक घेऊन आमी बी उभं ऱ्हातो, पर संगं पलटण असती. तुमी एकट्या हुता.”

“एकटी कुठे? तुम्ही होतात की.”

तो थबकला. “मग... कायम असलो तर चालंल?”

मी पाण्यात बोटं बुडवली. “माझी नोकरी आहे. ती मी सोडणार नाही.”

“सोडा म्हणाय मला काय येड लागलंय? अख्खं कडेगाव मला वाळीत टाकंल!”

मी हसले. नाव पलीकडच्या काठाला लागली. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. बिराप्पानं वाट पाहिली, मग तसाच पाठमोरा म्हणाला, “उतरायचं का न्हाई? का बसूनच ऱ्हानार?”

“परत सांगलीकडे घ्या, काका,” मी म्हणाले. “ह्यांना आमचं घर दाखवायचंय.”

‘ह्यांना’... शब्द तोंडातून निसटला आणि मी ओठ चावला. वीरधवलनं चमकून माझ्याकडे पाहिलं. बिराप्पानं वळून दोघांकडे बघितलं, आणि मग गालातल्या गालात हसत नाव पाण्यात ढकलली.