पोस्टरवरचं शीत

"केस सोपी आहे," लॉबीतल्या पोस्टरवरची पट्टी नखानं उचकटत इशिता म्हणाली. "पाचपर्यंत खरा गुन्हेगार शोधायचा, नाहीतर राफाएलची नोकरी गेली."

"याला सोपी म्हणतात?" तिचा धाकटा भाऊ निमिष म्हणाला.

बारा ऑक्टोबर, सोमवार, शाळेला सुट्टी. जर्सी सिटीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा, आणि त्याचं पोस्टर केलं होतं कमिटीच्या शंकरकाकांनी. शंकरकाका कुठलंही काम दुसऱ्याला देत नसत आणि कुठलंही काम नीट वाचून करत नसत. स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून त्यांनी 'कोलंबस डे'च्या खाली या दिवसाचं स्पॅनिश नावही इंटरनेटवरून उचलून टाकलं होतं: 'दिया दे ला रासा', म्हणजे वंशाचा दिवस. सकाळी पाहतात तर त्यावर कागदाची पट्टी, आणि तिच्यावर स्पॅनिशमध्येच 'अनेक संस्कृतींचा दिवस'.

लॉबीत दिवसभर बसणारा, स्पॅनिश बोलणारा माणूस कोण? मेक्सिकोचा डोअरमन राफाएल. काकांनी पुढचा विचार न करता मॅनेजरला त्याच्याविरुद्ध तक्रारीची ईमेल ठोकली. पाच वाजता मॅनेजर येणार होता.

राफाएलनं मुलांना सांगितलं की पट्टी त्याची नाही, पण लावणाऱ्याचं बरोबर आहे. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तो हा दिवस. शंभरेक वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या मोठमोठ्या लोकांनी तो 'आपल्या एका वंशाचा' म्हणून साजरा करायला घेतला. त्याच्या आजीची सापोतेक ही तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा त्या एका वंशात बसत नव्हती; ती शाळेत बोलली की छड्या मिळायच्या. आता मेक्सिकोनं दिवसाचं नावच बदललंय. स्पेनमध्ये मात्र अजून संचलन होतं.

"तारीख एकच," तो म्हणाला. "तुम्ही जहाजात होता की किनाऱ्यावर, एवढाच प्रश्न."

पट्टी सुटली. तिच्या मागे वाळलेले, टणक, पांढरे कण होते.

"भात!" इशिता म्हणाली. "स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टेपची तीन रिळं असताना राफाएल भातानं कशाला चिकटवेल?"

"पुण्याची आजी चिकटवते," निमिष म्हणाला. "पाकिटं. ऑलवेज."

मग दोघं प्रोजेक्टसाठी गम मागत मराठी घरं फिरले. मोनालीकाकूंनी ग्लू स्टिक दिली आणि गणिताचे मार्क विचारले. रवीकाका म्हणाले, ऑनलाइन मागवतो, उद्या येईल. गुरुदत्तकाकांनी स्टेपलर दिला, तोही बिनपिनांचा. राहिलं शंकरकाकांचं घर. काका खाली खुर्च्या मांडत होते. दार त्यांच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. सुजातामावशी निवृत्त शिक्षिका, महिन्यापूर्वीच नागपूरहून आलेल्या.

"गम कशाला लागतो? थांबा," म्हणत त्या कुकरमधून वाटीत चार शितं घेऊन आल्या.

"मावशी, इट वॉज यू!" निमिषला राहवलं नाही.

मावशींनी लगेच कबूल केलं. रोज सकाळी त्या मोबाईलवर भाषांतर करत राफाएलशी गप्पा मारायच्या. त्याच्या आजीच्या छड्या त्यांना ठाऊक होत्या. "शंकरला दोनदा सांगितलं. तो 'हो ताई' म्हणाला. म्हणजे ऐकलं नाही." राफाएलवर आळ आल्याचं मात्र त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते ऐकताच त्यांनी चपला घातल्या. वाटी हातातच राहिली.

खाली मॅनेजर कागद घेऊन उभा होता आणि राफाएल टोपी काढून.

"शंकर, पट्टी माझी आहे," मावशी म्हणाल्या. "एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून आपले वडील सोळा वर्षं मोर्च्यांत चालले. नावानं काय होतं, हे तुला मी सांगायचं?"

शंकरकाकांनी आपलंच पोस्टर पहिल्यांदा नीट वाचलं. मग मॅनेजरला म्हणाले की तक्रार चुकीची होती, मागे घेतो. आणि सगळ्यांसमोर राफाएलला सॉरी म्हणाले. कमिटीत हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता.

"तीस वर्षं वर्गात चोर शोधले," मावशी मुलांना म्हणाल्या, "पण गम मागून मला पकडणारे तुम्हीच पहिले."

नवी पट्टी राफाएलनं स्वतःच्या अक्षरात लिहिली. ती लावायला काका ड्रॉवरमध्ये टेप शोधू लागले. राफाएलनं हळूच ड्रॉवर बंद केला आणि मावशींच्या हातातल्या वाटीकडे बोट दाखवलं.