पाझराच्या बाटल्या

एका आठवड्यात धरणाची गळती दुप्पट झाली होती.

"सेकंदाला बारा लिटर होती, आज चोवीस!" मापाड्या म्हणाला. पाणी मोजणाऱ्या या यंत्रमानवाचं नाव केतकीच्या आजीनेच ठेवलं होतं. "बारा वाजता दरवाजे उघडून तलाव रिकामा करणार."

"अरे, मग उन्हाळ्यात खालच्या गावांनी प्यायचं काय?" आजोबा म्हणाले. हे धरण ज्यांनी बांधलं, त्यांतले ते एक शास्त्रज्ञ.

"मग कारण दाखवा. माझ्याकडे आकडा आहे."

आजोबा केतकीला घेऊन धरणाच्या पायथ्याशी आले. तिने मान वर केली. चाळीस मजल्यांएवढा दगडांचा डोंगर!

"पाणी हे दगड अडवतात?"

"नाही. पलीकडच्या उतारावर काँक्रीटचा पडदा आहे, तो अडवतो. जाडी जेमतेम दोन वीत."

"एवढ्याशा पडद्यावर अख्खा तलाव?" केतकीने पुन्हा वर पाहिलं.

"पाणी त्याला दगडांवर रेटतं, दगड त्याला धरून ठेवतात. पहिल्यांदा तलाव भरला तेव्हा दगड थोडे खाली बसले. पडद्याचे सांधे ताणले आणि पाझर (झिरपून आलेलं पाणी) सुटला. पुढे दगड स्थिरावले, गाळाने बारीक भेगा बुजल्या. वर्षागणिक पाझर कमी होत गेला."

"मग आज का वाढला?"

आजोबांनी पिशवीतून वही काढली. आजी गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. इथे पाझर पत्र्याच्या त्रिकोणी खाचेतून वाहतो. खाचेत पाणी किती उंच, त्यावरून तो मोजतात. आजीने तीस वर्षं, दर गुरुवारी, तो मोजला होता.

"प्रत्येक ओळीत दोन आकडे का?"

"तलावाची उंची आणि पाझर. ती म्हणायची, एकटा आकडा चहाडखोर असतो, अर्धंच सांगतो."

केतकी एकदम उभी राहिली. "आजोबा! वरच्या धरणातून पाणी सोडलं, म्हणून आपला तलाव या आठवड्यात काठोकाठ भरला! उंची वाढली की रेटा वाढणार, पाझरही वाढणार. भरलेल्या तलावाची तुलना भरलेल्याशीच करायला हवी."

तिने पानं उलटली. तलाव काठोकाठ असताना पहिल्या वर्षी नव्वद लिटर. दहाव्या वर्षी एकेचाळीस. शेवटच्या नोंदीत सव्वीस.

"आणि आज चोवीस. कमीच झालाय!"

"मी फक्त मागचा आठवडा पाहिला," मापाड्या म्हणाला. "पण पाणी आतली माती वाहून आणत असेल तर?"

"शाबास! ते बाटली सांगेल," आजोबा म्हणाले.

मोजणीच्या खोलीत फळीवर आजीच्या बाटल्या होत्या, दर वर्षाची एक. पहिलीच्या तळाशी बोटभर गाळ, पुढच्या निवळत गेलेल्या. केतकीने पाझराची बाटली भरून ठेवली. अर्धा तास तिला कुणी हात लावायचा नाही, हा आजीचा नियम. बाराला पाच मिनिटं असताना तिने ती उजेडात धरली. तळाशी कणसुद्धा नव्हता. पलीकडे तिची बोटं स्वच्छ दिसत होती.

"दरवाजे बंदच ठेवतो," मापाड्या म्हणाला.

केतकीने बाटलीवर दोन आकडे लिहिले. आजोबांनी आजीची शेवटची बाटली जरा सरकवून जागा केली.

"फळीवर अजून किती मावतील, आजोबा?"

"तुझ्या आजीने मोजूनच फळी करून घेतली होती. शंभर वर्षांची."