समदर्शी भिंग

लेकीच्या, मैनाच्या, डोळ्यांतून बदलण्यासाठी काढलेल्या भिंगांपैकी एक रेवा आत्रामने तपासणीयंत्रात बसवलं आणि त्यातून दिसणारं चित्र पडद्यावर घेतलं. भिंगापुढे तिचा स्वतःचा सावळा हात होता. पडद्यावरचा हात गोरापान होता.

यंत्र बिघडलं असावं म्हणून तिने हात काढून पुन्हा धरला. तो पुन्हा गोराच दिसला. मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांद्रवसाहतीचे शिक्षणप्रमुख डॉ. पाटणकर यांना तिने प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

"इथल्या प्रखर उजेडापासून डोळे जपायला मुलांना जन्मतःच हे भिंग बसवतात, असं आम्हाला सांगितलं होतंत."

"तेही काम करतंच ते," पाटणकर शांतपणे म्हणाले. "रेवाताई, जगभरातली माणसं इथे एकत्र राहतात. बालवाडीत वंश, रंग, चालीरीती समजावायच्या तर आधी फरक दाखवावा लागतो. आम्ही तो दिसूच दिला नाही. हे समदर्शी भिंग प्रत्येकाचा रंग, नाक, ओठ एका सरासरी चेहऱ्याकडे ओढतं. माणूस ओळखण्यापुरतं वेगळेपण ठेवतं. आमच्याकडे आजवर एकाही मुलाने दुसऱ्याला रंगावरून चिडवलेलं नाही."

"सरासरी कुणाची काढलीत?"

"वसाहतीत जे आधी आले, त्यांची."

"म्हणजे तुमच्यासारख्यांची." रेवा म्हणाली. "मी भामरागडहून चंद्रापर्यंत आले, आणि माझ्या पोटच्या पोरीने मला अजून पाहिलेलंच नाही."

"मैनाला नवं भिंग बसवून होऊ दे, मग सविस्तर बोलू."

"ते बसणार नाही. मी मेंदूवर काम करते, सर. चेहऱ्याचेहऱ्यातला फरक ओळखायला मेंदू तान्हेपणीच शिकतो. जे चेहरे समोर आलेच नाहीत, ते ओळखायची ताकद झडत जाते. तुम्ही भेद पुसला नाहीत. तुमचा चेहरा तेवढा माणसाचा ठरवलात."

ती तडक शेजारच्या खोलीत गेली. पाटणकर मागोमाग आले. चार वर्षांची मैना डोळ्यांवर पट्टी बांधून पलंगावर बसली होती. रेवाने पट्टी सोडली. तिने हनुवटीला धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

मैनाने डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं. ती मागे सरकली, पलंगावरून उतरली आणि धावत जाऊन पाटणकरांच्या पायांना बिलगली. खोलीत तेवढाच एक चेहरा बदलला नव्हता.

"काका, ही कोण?"

पाटणकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हात काढा," रेवा म्हणाली. त्यांनी काढला.

ती जमिनीवर बसली. "मैने, इकडे ये. मी आई."

आवाज ऐकून पोरगी गोंधळली. तिने वळून पाहिलं, पुन्हा दचकली. मग डोळे घट्ट मिटून, हात पुढे करत, चाचपडत आली आणि रेवाच्या मांडीत शिरली.

"डोळे उघड, बाळा."

"नको," मैना तिच्या कुशीत तोंड खुपसून म्हणाली. "उघडले की तू जातेस."