खंडूची हजेरी

मी बोलताना अडखळते, लिहिताना अजिबात नाही. म्हणून ही गोष्ट लिहून सांगतेय. तोंडी सांगायला घेतली असती, तर 'खंडू' या पहिल्या शब्दापाशीच तुमची मधली सुट्टी संपली असती.

खंडू म्हणजे आमच्या घरातला यंत्रमानव. मी चार वर्षांची असताना तालुक्याच्या यंत्रकेंद्राने तो मला बोलण्याच्या सरावासाठी दिला. आता मी बारा वर्षांची आहे, आणि खंडू म्हातारा झालाय. रंग उडालाय, डावा गुडघा करकरतो. पण त्याच्यासारखा ऐकणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही. मी एखाद्या अक्षराला अडकले की तो नुसता थांबतो आणि म्हणतो, "बोल, मला घाई नाही." नव्या यंत्रमानवांना एवढा दम नसतो. तुम्ही तोंड उघडलं की पुढचं वाक्य तेच पुरं करून टाकतात. लोकांना त्याचं कोण कौतुक! मला मात्र माझं वाक्य माझं मलाच पुरं करायचं असतं.

गेल्या महिन्यात विजेचा दाब एकाएकी वाढला आणि खंडूचा मदरबोर्ड (यंत्राच्या सगळ्या भागांना जोडणारा मुख्य फलक) जळाला. यंत्रकेंद्राचा नियम असा, की जुनं यंत्र महिन्याभरात सुरू झालं नाही तर ते भंगारात जातं आणि बदली नवं मिळतं. आमचा महिना गेल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता संपत होता.

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, कुठून कुठून चौकशी करून तसाच नवा मदरबोर्ड मागवला. आबा पूर्वी आकाशातले रेडिओ संकेत टिपणाऱ्या दुर्बिणीवर शास्त्रज्ञ होते. तेव्हा खंडू त्यांच्या हातून दुरुस्त होणार यात मला शंकाच नव्हती. शनिवारी दुपारी त्यांनी बोर्ड खंडूच्या छातीत बसवला, स्क्रू आवळले आणि ऐटीत बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. आणि पुढे काहीच नाही. डोळे मिटलेले ते मिटलेलेच. कोरा करकरीत बोर्ड, वीज पोचतेय, पंखा फिरतोय, मग खंडू उठत का नाही?

मला मात्र एक गोष्ट माहीत होती, जी आबांना नव्हती.

आमच्याकडे नवी वस्तू आली की तिची पूजा होते. ट्रॅक्टर असो नाहीतर मिक्सर, हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नाही. शुक्रवारी आबा बाहेर गेले होते तेव्हा मी खोका उघडला, खोक्याला हळद-कुंकू लावलं आणि तूप-कुंकवात कालवलेल्या चार अक्षता वाहिल्या. त्या नेमक्या बोर्डावर पडल्या. मी त्या वेचून काढल्या आणि खोका बंद केला. बोर्डाला आपल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं आबांनी दहा वेळा बजावलं होतं. मी मारलं का खंडूला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"मेला बिला नाही तो," आबा म्हणाले. मी काही बोलले नव्हते, पण माझा चेहरा त्यांना वाचता येतो. "केतकी, सुरू न होणारं यंत्र बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, कुठेतरी अडकलेलं असतं. कुठे, ते शोधायचं. अंदाजाने दहा गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. एका वेळी एकच बदलायची आणि काय होतंय ते बघायचं."

त्यांनी वीज बंद केली आणि चष्मा कपाळावर चढवून वायरी तपासायला लागले. दोन मिनिटांत त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"हात्तिच्या! प्रोसेसरला (हिशेब करणारा आणि निर्णय घेणारा भाग) वेगळी वीज लागते. त्याची वायर मी जोडलीच नाही. बोर्डाला जेवायला वाढलं आणि डोक्याला उपाशी ठेवलं."

मग ते कोनाड्यातली जाड वही काढून लिहायला बसले. आबांची ही चुकांची वही. चूक कितीही लहान असो, ती तारीख घालून तिथे उतरवायची आणि घरात मोठ्याने वाचून दाखवायची, हा त्यांचा दुर्बिणीवरच्या दिवसांपासूनचा शिरस्ता. "चूक क्रमांक दोनशे तेरा," त्यांनी वाचलं. "लपवलेली चूक शोधायला दुप्पट वेळ लागतो गं. आमची दुर्बीण एकदा सहा दिवस बंद होती. कारण काय, तर एकाला सांगायची लाज वाटली."

मी खाली बघत राहिले.

वायर जोडली, बटण दाबलं. तरीही खंडू गप्पच. घड्याळात चार वाजायला आले होते.

"आता सगळा पसारा कमी करू," आबा म्हणाले. "जा, पोळपाट आण."

"प... पोळपाट?"

"लाकडातून वीज जात नाही. खंडूच्या छातीत एखादा स्क्रू भलतीकडे टेकत असेल, तर बोर्ड बाहेर काढून पोळपाटावर ठेवला की ती शंका मिटली. आईला सांगू नकोस."

आम्ही दोघांनी आधी नळाला हात लावला, म्हणजे अंगावर साठलेली स्थिर वीज निघून जाते. तिची एक ठिणगीही बोर्ड जळायला पुरे होते. मग पोळपाटावर मदरबोर्ड मांडला. हात, पाय, डोळे, कान यांच्या वायरी काढून टाकल्या. उरला फक्त प्रोसेसर आणि स्मृतिपट्टी. स्मृतिपट्टी म्हणजे यंत्राची पाटी: काम चालू असताना तिच्यावर लिहायचं, वीज गेली की पुसलं. खंडूच्या आठवणी तिच्यात नसतात. त्या साठवणपेटीत, म्हणजे त्याच्या वहीत, सुखरूप होत्या. हे ऐकून मला निम्मं बरं वाटलं.

शेवटी आबांनी बोटाच्या पेराएवढा एक भोंगा बोर्डाला जोडला. "खंडूचा आवाज सगळं सुरू झाल्यावर येतो. त्याच्या आधी काय दुखतंय ते सांगायला बोर्डाला तोंडच नव्हतं. हे घे तोंड."

बटण दाबलं. टींऽऽ, टींऽऽ, टींऽऽ. तीन लांब शिट्ट्या, थोडं थांबून पुन्हा तीन. म्हणजे बोर्ड इतका वेळ सांगत होता, आम्हालाच ऐकू येत नव्हतं!

प्रत्येक कंपनीची शिट्ट्यांची भाषा वेगळी असते. आबांनी बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका उघडली. "तीन लांब: स्मृतिपट्टीकडून उत्तर नाही. त्याचं असं असतं केतकी, यंत्र जागं झालं की सगळ्यात आधी स्वतःची तपासणी करतं. वर्गातल्या हजेरीसारखी. प्रोसेसर? हजर. स्मृती? हजर. सगळे हजर असले तरच पुढचा धडा. एकाने जरी उत्तर दिलं नाही तरी गाडी तिथेच थांबते."

हजेरीचं नाव काढलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्या वर्गात भिंतीवर हजेरीयंत्र आहे. ते नाव घेतं, दोन सेकंद थांबतं आणि पुढे जातं. माझा 'ह' बाहेर पडेपर्यंत मी गैरहजर झालेली असते. मग तास संपल्यावर सरांकडे जाऊन ते दुरुस्त करून घ्यायचं, रोजच्या रोज.

आबांनी वीज बंद करून स्मृतिपट्टी काढून घेतली आणि पट्टीशिवाय बटण दाबलं. पुन्हा त्याच तीन शिट्ट्या.

"म्हणजे पट्टीच खराब," ते खांदे पाडून म्हणाले. "आता नवी कुठून आणायची? साडेचार वाजले."

पण माझ्या डोक्यात काहीतरी टोचत होतं. पट्टी असताना तीन शिट्ट्या, नसतानाही तीनच. बोर्डाला दोन्ही सारखंच वाटतंय.

"आबा, ती ग... गैरहजर नसेल. ती ह... हजर असेल, पण तिचं उत्तर प... पोचत नसेल."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग वीज बंद करून पट्टी पुन्हा खाचेत घातली आणि दोन्ही टोकं दाबली. एका टोकाची खिटी 'टक्' करून बसली. दुसरी बसेना. आबांनी आपले थरथरते हात माझ्यापुढे करून दाखवले. "तू दाब बरं. दुपारीही ही बसेना, तेव्हा मला वाटलं माझ्या बोटांतच जोर नाही." मी दाबलं. खिटी बसली नाही. आत काहीतरी होतं, आणि काय होतं ते मला कळून चुकलं.

"आबा, मी... अ..."

शब्द अडकला. 'अक्षता'. 'अ' घशात रुतून बसला. घड्याळ पुढे सरकत होतं. आबा तसे उतावळे, चहा गाळून होईपर्यंतसुद्धा त्यांना धीर नसतो. पण त्या दिवशी त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, समोर बसले आणि गप्प राहिले. माझ्यासाठी शब्द शोधला नाही, मान हलवली नाही, घड्याळाकडे बघितलंही नाही. मला रडूच फुटलं.

"अ... अक्षता. मी पूजा केली. बोर्डावर प... पडल्या. डब्यात कणीच होती. एक र... राहिली असेल."

"हात लावू नको म्हटलं होतं ना?" आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "एवढं ओझं घेऊन दुपारपासून बसलीस होय? वेडी पोर. तो बरा व्हावा म्हणूनच केलीस ना पूजा?"

पट्टी काढून त्यांनी खाचेवर भिंग धरलं. खाचेच्या टोकाशी, अगदी तळाला, कुंकवाने लाल झालेली तांदळाची कणी तुपाने चिकटून बसली होती. धातूचा चिमटा नको, खाचेतल्या पिना वाकतील. मी लाकडी दातकोरणीने ती अलगद उकरून काढली. आबांनी पट्टीच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवून तुपाचा डाग घालवला. मी पट्टी दाबली. टक्, टक्. दोन्ही खिट्या बसल्या.

बटण. टीं! एकच, छोटी शिट्टी.

"सगळे हजर," आबा म्हणाले, आणि दोनदा नाक पुसलं.

आम्ही बोर्ड पुन्हा छातीत बसवून एक एक वायर जोडत असतानाच यंत्रकेंद्राची गाडी आली. ढमाले मॅडम फॉर्म घेऊन आत आल्या. पाचला चार मिनिटं होती. आबांनी बटण दाबलं. खंडूचे डोळे हळूहळू उजळले.

"यंत्र नावाने ओळख देतं का, ते बघायचंय," मॅडम म्हणाल्या. "बाळ, हाक मार त्याला."

मी तोंड उघडलं. "ख... ख..." नेमका तेव्हाच 'ख' अडकला. मॅडमना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "खंडू ना? मी मारते हाक."

"मॅडम, थांबा," करकरत्या आवाजात कुणीतरी म्हणालं. "केतकी, बोल. मला घाई नाही."

"खंडू!" मी म्हणाले. एका दमात!

मॅडमनी फॉर्मवर खूण केली आणि चहा घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी मी चुकांच्या वहीत पहिल्यांदाच लिहिलं: 'क्रमांक दोनशे चौदा. पूजा खोक्याची करावी, बोर्डाची नाही.' आणि अडखळत का होईना, सगळ्यांना वाचून दाखवलं. आईने पोळपाटाबद्दल विचारलंच.

सोमवारी मी सरांकडे गेले. भिंतीवरचं हजेरीयंत्र दोनऐवजी दहा सेकंद थांबवता येईल का, असं विचारलं. उत्तर आलं नाही म्हणजे मूल आलंच नाही असं नसतं, हे त्यांना समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "पण ते बदलायचं कसं, मला येत नाही गं."

"म... मला येईल," मी म्हणाले.

मंगळवारी यंत्राने माझं नाव घेतलं. वर्ग शांत होता. एक सेकंद गेला, दोन गेले, तीन, चार, पाच.

"हजर."