पेटी कंपनीची, चासी अकोल्याची

"बाई, हे गाठोडं टपावर टाका," अकोल्याच्या मोटारीचा कंडक्टर म्हणाला. सत्यवतीने चादरीत गुंडाळलेला रेडिओ आणखीच कवटाळला. तेव्हा खिडकीपाशी बसलेला एक सावळा तरुण उठला. "इथं ठेवा," म्हणाला, आणि आपली जागा रेडिओला देऊन थेट मूर्तिजापूरपर्यंत उभा राहिला.

"विजेनं जळला का?" त्याने विचारलं.

"तुमाले कसं समजलं?"

"वास येऊन राहिला ना... मी रेडिओच दुरुस्त करतो. अकोल्यात, मोर्णेच्या पुलापाशी. देवमन म्हणतात मले."

ही त्रेसष्ट सालातली गोष्ट. सत्यवती अमरावतीच्या एका शाळेत शिकवायची. घरात ती आणि वडील, दोघंच. नत्थुजी गिरणीत कामाला होते; दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, आणि तेव्हापासून रेडिओ हाच त्यांचा सोबती. चैत्रातल्या वादळात एरियलवर वीज पडली आणि तो मुका झाला. अमरावतीच्या दुकानदाराने हात झटकले होते. कंपनीचा माल, आतली चासीच जळली, तसली आता निघत नाही... नवा घ्या. अकोल्याचा एजंटही त्या दिवशी तेच बोलला.

मग ती पूल विचारत गेली.

देवमनने पेटी उघडली. तारा आणि व्हॉल्व्ह जिच्यावर बसवतात ती पत्र्याची चासी काळी पडली होती. "दुसरी बनवून देतो," तो म्हणाला. "पण कंपनीनं बटणांची भोकं भलतीकडंच पाडली. त्या मापानं पत्रा कापा लागंल. वेळ जाईन."

"बनवा. मायनं हौसेनं घेतला होता हा. बाबा दुसरा घेऊ देत नाहीत."

पेटीत एक इंग्रजी पुस्तिका निघाली. ती त्याने तिच्यापुढे धरली. "नकाशा मले समजते. अक्षरं नाही समजत. तुमी वाचून दाखवसान?"

त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही, हे तिला फार आवडलं.

रविवारी शाळेला सुट्टी असायची. ती सकाळच्या मोटारीने यायची, स्टुलावर बसून वाचायची, मराठीत सांगायची – तांबडी तार इकडं, पिवळी तिकडं. तो तापल्या सळईने तारांना डाख लावायचा. राळेचा गोडसर धूर दोघांच्या मधून वर जायचा, आणि धुरापलीकडून तो मध्येच तिच्याकडे बघायचा.

"हळू वाचा."

"समजत नाही का?"

"समजते. पण... लवकर संपून जाईन ना."

ती पुस्तिकेत तोंड लपवायची. परतीच्या मोटारीत मात्र हसू विरून जायचं. काकांनी वर्ध्याचं स्थळ आणलं होतं. "नत्थूले आमी पाहू आळीपाळीनं," ते म्हणाले होते. आळीपाळीनं! या घरून त्या घरी फिरणाऱ्या भांड्यासारखे बाबा तिच्या डोळ्यांपुढे यायचे. आजवर तिने दोन स्थळं नाकारली, ती त्यांच्यासाठीच. पण आता नाही म्हणताना मनात आणखी कुणीतरी असायचं, आणि बाबांना सोडून अकोल्याला तरी कशी येणार होती ती?

पाचव्या रविवारी रेडिओ वाजत होता. तिला पाहून देवमनने तो बंद केला.

"झाला?" तिने विचारलं.

"झाला..." तो पकडीशी चाळा करत राहिला. "खोटं नाही बोलवत मले. हा मांगच्याच रविवारी झाला होता."

"मले माहीत होतं."

"कसं?"

"त्या दिवशी मी आली तवा पेटी वाजून गरम झाली होती." तिने पुस्तिका हातात घेतली. "तरी सारं पुस्तक मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं."

पुलावरून एक बैलगाडी घुंगरं वाजवत गेली.

"गुरुवारी वर्ध्याचे पाहुणे येऊन राहिले," ती म्हणाली. "अन् बाबाले सोडून मी कुठंच जाऊ शकत नाही, देवमन."

तिने पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं. त्याने हातातली पकड खाली ठेवली.

"रेडिओ अमरावतीतबी बिघडतात ना?" त्याने विचारलं.

तिला कळायला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा डोळे भरून आले आणि हसूही आलं. "बिघडतात," ती म्हणाली. "पण बाबाले तुमी सांगा. मले लाज वाटते."

त्याने रेडिओ उचलला, भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर अमरावतीची मोटार धरली.

गुरुवारी वर्ध्याचे पाहुणे आले. चहा झाल्यावर नत्थुजींनी आवाजाच्या रोखाने हात जोडले. "तुमाले उगा तरास झाला," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या पोरीचं जमलं. जावई इथंच, अमरावतीत दुकान टाकते."

दाराआड उभ्या सत्यवतीला कपबशा उचलायच्या होत्या. पण किती तरी वेळ तिचा पाय तिथून हलला नाही.