लायनीतला दगड

विमानतळाकडे जाणारा मोठा रस्ता शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाडला येणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की त्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. मग एका सकाळी मी कपडे वाळत घालत असताना आमच्या परसात चार माणसं शिरली आणि फणसाखाली सिमेंटचा एक बुटका दगड रोवून मोकळी झाली. विचारणं नाही, पुसणं नाही.

"अहो, हे काय चाललंय?"

त्यांचा साहेब, हर्षित नावाचा पोरगेला इंजिनिअर, टॅबमधून मान वर न काढता म्हणाला, "मॅडम, रस्त्याची सेंटर लाइन आहे. घर जाईल. नोटीस येईलच."

घर जाईल! जसं काही घर बाजाराला जाणार होतं.

घर म्हणजे काय मोठा राजवाडा नाही. दोन खोल्या, पडवी, मागे न्हाणी. पण माझ्या सासूबाईंना, गीताबाईंना, डोळ्यांनी दिसत नाही. या घरात त्यांना दिसण्याची गरजही पडत नाही. भिंतीला हात लावत चुलीपाशी जातात, तिखटाचा डबा कुठला आणि हळदीचा कुठला हे बोटांना ठाऊक. मध्ये नणंदेकडे नेलं होतं तर बिचारी कोपऱ्यात मुटकुळं करून बसली, तहान लागली तरी पाणी मागेना. ही बाई दुसऱ्या घरात जगणार नव्हती, हे मला लख्ख दिसत होतं. जगदीश, माझा नवरा, कल्याणला कंपनीत असतो. तो म्हणाला, "वंदना, सरकारशी कोण भांडणार?" मी भांडणार, दुसरं कोण!

मी बी.एस्सी. आहे. किन्हवलीत नववी-दहावीच्या शिकवण्या घेते आणि शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हे पोरांना दरवर्षी घोकून घेते. देवदेवस्की माझ्या डोक्यात नाही. पण आपली माणसं मी ओळखते. इकडे उभ्या दगडाला शेंदूर लागला की तो दगड राहत नाही, त्याला कोणी पहार लावत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, सासूबाई झोपेत असतानाच, मी तेलात शेंदूर कालवला, त्या दगडाला फासला, वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि हात धुऊन चहा टाकला. जगदीशलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

सर्वेवाले आले, तेव्हा त्यांच्यातला धाकलू पुढे होता. आमच्याच शेजारच्या पाड्यातला, त्यांचं सामान उचलायला लावलेला. दगड बघताच त्याने चपला काढल्या.

"साहेब, मी नाय हात लावणार. देवी हाय."

मला आतून हसू फुटलं. देवी? मी तर फासताना मनात म्हसोबा धरला होता. असो, म्हटलं, जे असेल ते असेल.

आठवडाभराने एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दगड रोवला तेव्हा कपड्यांच्या दोरीच्या अलीकडे होता. आता तो पलीकडे होता. मी बादली तशीच ठेवून जवळ गेले. माती उकरल्याची खूण नाही, बुडाशी गवत जसंच्या तसं. दोरीवर काल वाळत घातलेली चादरही हललेली नव्हती. म्हटलं, आपलीच नजर चुकली असेल.

मग तो कुंपणाशी दिसला. मग कुंपणाबाहेर, खळ्यात.

हर्षित आला तो तणतणतच. "मॅडम, दगड कोण हलवतंय? आमची मापं जुळत नाहीत."

"अहो, तुमच्या चार माणसांना तो उचलताना घाम फुटला होता. मी काय खिशात घालून फिरवते?"

त्याने दगडावर हात टेकला आणि लगेच काढून घेतला. नंतर सबंध वेळ तो हात पँटला पुसत होता.

एका रविवारी मी ठरवलं, बघूच. पडवीत खुर्ची टाकली, मांडीवर चाचणीचे पेपर घेतले आणि भर दुपारी खळ्याकडे नजर लावून बसले. दगड जागचा हलला नाही. पाखरू नाही, वारा नाही. शेंदूर मात्र उन्हात नुसता निथळत होता. मी एकदाच चटकन लावला होता. आता त्याचा थर बोटभर जाड दिसत होता. कोणी तरी चांदीचे डोळेही बसवले होते. आत दूध उतू गेलं म्हणून मी धावले, गॅस बंद केला, परत आले.

खळं रिकामं होतं.

सासूबाई पडवीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांचं तोंड खळ्याकडे नव्हतं, खाली ओढ्याकडे होतं.

"आज वहाळाच्या पल्याड गेली गो," त्या म्हणाल्या.

"कोण गेली?"

"पावलं वाजतात ना तिची."

मी ओढ्यापर्यंत जाऊन पाहिलं. दगड पलीकडच्या काठावर, माळाच्या तोंडाशी उभा होता. मधलं पाणी नितळ होतं, तळाचा गाळही ढवळलेला नव्हता.

त्यानंतर तो तिथून हलला नाही. हर्षितची माणसं पुन्हा आली, पुन्हा मोजणी झाली, ओढ्यापलीकडच्या माळावर मुरूम चांगला लागला म्हणे. रस्ता ओढ्याच्या पलीकडून वळवला. तलाठ्याने सांगितलं की आमचं घर, परस, फणस, सगळं लायनीबाहेर आलंय. मी पुन्हा पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला! एवढ्या आठवड्यांची धास्ती, आणि सुंठीवाचून खोकला गेला. घरी येऊन सासूबाईंना मिठीच मारली. त्या हसल्या आणि भिंतीला हात लावत चुलीकडे गेल्या, रोजच्यासारख्या. मला रडू आवरेना. जगदीशला फोन केला, तर तो तिकडे कंपनीत मोठ्याने ओरडला.

दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन ओढ्यापलीकडे गेले. शिकलेली असले म्हणून काय झालं, आभार मानायला काय जातं?

धाकलू तिथे आधीच उभा होता, हात जोडून. पुढ्यात शेंदराचं जाड कवच पडलं होतं, उभं चिरलेलं, दोन फाकी झालेलं. जुन्या देवांचं असं कवच गळतं, हे मी ऐकून होते. पण त्याला पिढ्या जाव्या लागतात, शेंदूर वर्षानुवर्षं चढावा लागतो. हा दगड यंदाच्या पावसाळ्यानंतर रोवलेला.

"आत काय निघालं?" मी विचारलं.

"कायच नाय, बाई. दगड पण नाय."

मी वाकून पाहिलं. कवच पोकळ होतं. आतल्या बाजूला, साच्यात उठतो तसा, एका चेहऱ्याचा ठसा होता. नाक, ओठ, मिटलेल्या पापण्या.

"गेली वाटतं," धाकलू म्हणाला.

बरं झालं, मी मनात म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. काम झालं, गेली, सुटलो. नारळ फोडला, अर्धा धाकलूला दिला आणि अर्धा पदराखाली घेऊन हलक्या पायांनी घरी आले. ओढ्याच्या पाण्यातून येताना गाणंसुद्धा गुणगुणत होते.

दुपार झाली होती. सासूबाईंनी जेवायची तयारी केली होती. घरात आम्ही दोघीच, जगदीश कामावर.

ताटं तीन मांडलेली होती.

"आई, तिसरं कोणाचं?"

"असं काय करतेस गो? तूच तर तिला आणलीस."

शेंदूर मी फासला, हे मी कोणालाही बोलले नव्हते.

मी भात वाढायला घेतला. तिन्ही ताटांत वाढला. सासूबाईंनी आधी माझ्याकडे, मग तिसऱ्या ताटाकडे तोंड केलं, कान देऊन काही तरी ऐकलं आणि खुदकन हसल्या. मग पाटावरून जराशा सरकल्या, शेजारच्या माणसाला ऐसपैस बसता यावं म्हणून.